मेनूला हात सगळ्यात शेवटी लावा

तुमची साडेतीन हजार पानांची साइट, वर अकरा विभागांचा मेनू, तरी माहिती कुठे आहे हे लोक फोन करूनच विचारतात. त्यावर तुम्ही मोठा उघडणारा मेनू करताय आणि वरून अट आहे की काहीही तीन क्लिकमध्ये सापडलं पाहिजे.

आधी ती अट. वेबसाइटच्या रचनेचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये हे तपासलं, तेव्हा तिसऱ्या क्लिकनंतर लोक कंटाळून निघून जातात असं काही आढळलं नाही. आपण योग्य दिशेला चाललोय असं वाटलं की माणूस सहा क्लिकही निमूट करतो. पिरोली आणि कार्ड या संशोधकांनी याला माहितीचा 'वास' म्हटलंय. तीन क्लिकच्या हट्टापायी मेनूत साठ लिंका कोंबल्या की वास येतच नाही.

आमच्या साइटची रचना बदलताना आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं होतं. मेनू देखणा झाला, फोन तेवढेच राहिले. कारण तो मेनू म्हणजे आमच्या कार्यालयाचा तक्ता होता. कोणता विभाग कोणाच्या हाताखाली हे वाचकाला कशाला माहीत असेल?

दुसऱ्या खेपेला आधी सगळी पानं एक्सेलमध्ये उतरवली: पानाचा वेब-पत्ता, शेवटचा बदल, वर्षातल्या भेटी आणि मालक, म्हणजे पान सांभाळणारा. 'मालक' या रकान्यानं सगळ्यात जास्त भांडणं लावली आणि सगळ्यात जास्त कामही त्यानंच केलं. एकच अर्ज चार पानांवर निघाला, त्यातले दोन कालबाह्य. ज्यांना कोणी वाली नाही आणि भेटीही नाहीत, ती पानं काढली. मेनूचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

मग साइटवरच्या सर्चची नोंद वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण कोणाकडे ढकलू नका. आमच्याकडे लोक 'पत्ता बदल' शोधत होते आणि पानाचं नाव होतं 'सदस्य तपशील अद्ययावतीकरण'. नाव बदललं, बाकी पानाला हात लावला नाही. त्या विषयाचे फोन जवळपास थांबले.

यानंतर चिठ्ठ्या. पन्नासेक पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून बाहेरच्या लोकांना गठ्ठे लावायला सांगा, गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. 'परिपत्रके' ही चिठ्ठी एका बाईंनी या गठ्ठ्यावरून त्या गठ्ठ्यावर तीनदा हलवली आणि शेवटी विचारलं, "पण यात असतं काय?" आम्ही चौघं टेबलाच्या या बाजूला बसलो होतो. चौघांनी चार उत्तरं दिली. तो विभाग त्याच दिवशी गेला.

त्यातून निघालेली रचना रंगरूप न देता, नुसत्या नावांच्या उतरंडीत तपासा. "तुमची पावती हरवलीय, कुठे जाल?" असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, सांगून ठेवतो. ठळक चुका पाच-सहा जणांतच उघड्या पडतात.

मोठा मेनू करायचाच असेल तर तो नुसता माउस नेल्यावर उघडणारा नको. फोनवर माउस नसतो आणि कीबोर्डवर चालणाऱ्यांची वाट अडते. शिवाय बरेच लोक गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात, त्यांना मुखपृष्ठ दिसतच नाही. म्हणून प्रत्येक पानावर 'मुखपृष्ठ › अर्ज › पत्ता बदल' अशी वाट दाखवणारी ओळ हवीच.

राहिले पानांचे जुने वेब-पत्ते. पत्ते बदलू नयेत हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. बदलावेच लागले तर जुन्या-नव्याची जोडी लावून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप, कायमचं वळवणं) द्या, आणि तोही त्याच विषयाच्या पानावर. सगळ्यांना मुखपृष्ठावर नेऊन सोडू नका. पुढे काही महिने दर सोमवारी ४०४ चा, म्हणजे 'पान सापडलं नाही' या चुकांचा अहवाल उघडा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त ४०४ एका छापील पत्रकावरच्या पत्त्याचे आले. ते पत्रक कोणी छापलं होतं, हे आजतागायत कळलेलं नाही.