मधमाशीच्या डंखाने वजन उतरतं का?

मधमाशीच्या विषाने उंदरांची चरबी घटल्याचं तुम्ही वाचलंत, डंखांच्या दोन बैठकाही घेतल्यात, आणि आता विचारताय की तिसरी घेऊ का. नका घेऊ.

मी अठरा वर्षं मधमाश्या पाळतोय. पेटी उघडली की एखादा डंख ठरलेलाच. तरी माझ्या पट्ट्याला गेल्या वर्षी नवीन भोक पाडावं लागलं, तेही पोट सुटल्यामुळे. (हा पुरावा नव्हे, कबूल.)

तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही. विषाच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास मेलिटिन असतं, 26 अमिनो आम्लांची साखळी. प्रयोगशाळेत विष घातल्यावर चरबीच्या पेशी तयार होणं मंदावलं, उंदरांतही तसं दिसलं. पण मेलिटिन पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि तांबड्या रक्तपेशीही त्यातून सुटत नाहीत. शिवाय अंगात विष टोचलेला उंदीर पोटभर खाईल का, हाही प्रश्न आहेच.

विषारी प्राण्यांकडून औषध मिळतं, हे खरं. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एक्सेंडिन-4 वरून एक्सेनाटाइड बनलं, 2005 मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड हे औषधही त्याच घराण्यातलं, जीएलपी-1 या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करणारं. म्हणून सरड्याकडून कुणी चावून घेत नाही.

डंखात मात्रा ठरवणार कोण? माशी उडून जाते, नांगी कातडीत राहते, आणि तिला चिकटलेली पिशवी एकटीच धडधडत विष आत ढकलत राहते. लगेच नखाने खरवडली तर थोडं जातं, रेंगाळलात तर जास्त.

‘मला दोनदा काही झालं नाही’ यावर तर अजिबात विसंबू नका. स्पेनमधली 55 वर्षांची एक बाई दोन वर्षं, दर चार आठवड्यांनी असे डंख घेत होती, विनातक्रार. मग एका बैठकीत तिला धाप लागली, शुद्ध हरपली, आणि पुढे काही आठवड्यांनी ती दवाखान्यातच वारली. 2018 मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात आली.

आता तुम्हीच सांगा : दुसऱ्या बैठकीनंतर डंखापासून लांब कुठे गांधी उठल्या होत्या का? ओठ सुजले, घसा आवळला, गरगरलं? यातलं एक जरी झालं असेल तर ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. तोवर पेट्यांच्या आसपासही फिरकू नका.