सोलापूरहून डोंगरावर राहायला जायचंय: दिवसात जाऊन यावं की रात्रीचा मुक्काम करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर सोलापुरात, बरोबर सत्तरीचे आई-वडील, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. डोंगरावर, दरीकडे तोंड असलेल्या एखाद्या चांगल्या जागी एक दिवस घालवायचाय. सकाळी निघून रात्री परत येणं पुरेल की मुक्काम करावा, आणि कुठं?

मुक्काम करा, आणि पन्हाळ्याला करा. महाबळेश्वर सुचवणारे पुष्कळ भेटतील, त्यावर खाली बोलतोच.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० फुटांवर, आणि चहूबाजूंनी सपाट. खऱ्या सह्याद्रीवर पोचायचं तर कुठल्याही रस्त्यानं पाच-सहा तास धरायचेच. पहाटे चारला म्हाताऱ्या माणसांना उठवून निघालात तरी वर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि अंधारात घाट नको म्हणून तीन-चारला पुन्हा गाडीत बसायचं. हाती राहते ती फक्त दुपार. डोंगरावरची दुपार म्हणजे सगळ्यांत वाया गेलेली वेळ. समोरच्या रांगा धुरकट, पार्किंगला जागा नाही, हॉटेलात जेवणाला अर्धा तास थांबा. डोंगर बघायचा तो उन्हं उतरल्यावर आणि पुन्हा उजाडताना. दिवसाच्या सहलीत नेमक्या या दोन्ही वेळा हायवेवर जातात. खोलीचं भाडं भरायचं ते याच दोन वेळांसाठी.

आता, सुट्टीच मिळत नसेल आणि दिवसातच जाऊन यायचं असेल, तर सह्याद्रीचा नाद सोडा आणि बालाघाटाकडे वळा. आपल्याकडे लोक तुळजापूरला देवीला जातात, दर्शन घेतात आणि तसेच परत फिरतात. तुळजापूर ४५ किलोमीटर, तिथून धाराशिव ओलांडून येडशी. सोलापूरपासून हे सगळं नव्वद किलोमीटरच्या आसपास आणि रस्ता चांगला. येडशीचं रामलिंग हे खाली दरीत असलेलं देऊळ, भोवती अभयारण्याचं जंगल. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा पडतो, रावणाशी लढताना जटायू इथंच पडला अशी कथा सांगतात, आणि माकडं हातातली पिशवी बघून ठरवतात तुमच्याशी कसं वागायचं ते. देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आई-वडिलांना आधी विचारा. उतरणं सोपं वाटतं, येताना दम निघतो.

किंवा नळदुर्ग. हैदराबाद हायवेवर तासाभरात पोचता. बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं बांधकाम. पाऊस चांगला झाला की नर-मादी धबधबे सुरू होतात, तेव्हा अर्धं सोलापूर तिथंच असतं. या दोन्ही ठिकाणी रात्र काढायची काहीच गरज नाही. संध्याकाळी घरी येऊन जेवता येतं.

पन्हाळ्याकडे वळू. पहिलं कारण रस्ता. मंगळवेढा, सांगोला, मिरज असा रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यापासून कोल्हापूर आपल्याला खरोखर जवळ आलंय. पूर्वी या रस्त्यानं जायचं म्हणजे कंबरेची परीक्षा असायची, आता पाच तासांत आरामात पोचता. दुसरं कारण, किल्ला चढायचा नाही. गाडी थेट किल्ल्याच्या आत जाते, गाव आत, राहायची ठिकाणं आत. उंची साधारण ३,१०० फूट, पण वर गेल्यावर बरंचसं सपाट. वडील माणसांना काठी टेकत हळूहळू फिरता येतं आणि थकले की बसायला तटबंदीचा कट्टा असतो. महाबळेश्वरात एकेका पॉइंटसाठी जेवढं चाला-उतरावं लागतं तेवढं इथं नाही.

मी वेळापत्रक असं लावेन. शनिवारी अजिबात जाऊ नका. रविवारी सकाळी सहाला निघा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून ज्वारी बघत जायचं, सांगोल्याच्या पुढं चहा. अकरा-साडेअकराला कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन आणि जेवण तिथंच उरका, कारण पन्हाळ्याची हॉटेलं रविवारी दुपारी तुडुंब असतात. कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर. तीनच्या सुमाराला घाट चढायला लागलात की समोरून उतरणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल. शनिवारची गर्दी खाली चाललेली असते आणि तुम्ही वर. रविवारची रात्र ही अशा ठिकाणी आठवड्यातली सगळ्यांत शांत आणि बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त रात्र असते. सोमवारची एक रजा टाकायची, मुलीची शाळा एक दिवस बुडवायची. चौथीपर्यंत काही बिघडत नाही, माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, ती शिक्षिका आहे.

वर पोचल्यावर सगळं बघायचा हट्ट नको. संध्याकाळी तीन दरवाजा. पश्चिमेकडचा हा दरवाजा उतरत्या उन्हात बघण्यासारखा असतो, आणि जवळच झुणका-भाकरी मिळते. आपल्या कडक भाकरीची सवय असलेल्याला ती मऊ लागेल, पण ठेचा चांगला असतो. अंधार पडायच्या आत पुसाटी बुरुजाकडे जाता आलं तर बघा. किल्ल्याचं ते पश्चिम टोक, तिथं गर्दी कमी. सकाळी उजाडताना सज्जा कोठी. इमारत लहान आहे, पण दरीच्या अगदी काठावर. संभाजी महाराजांना याच गडावर ठेवलं होतं, तेव्हाची जागा म्हणून ती दाखवतात. मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं ऐकून मुलीला गंमत वाटेल. १६६० साली सिद्दी जौहरनं याच किल्ल्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटून विशाळगडाकडे गेले, ही गोष्ट तिला आदल्या रात्री सांगून ठेवा. सकाळी तटावर उभी राहून ती स्वतःच विचारेल, कुठनं गेले म्हणून. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत जे बारा मराठा किल्ले गेले त्यांत पन्हाळा आहे, त्यामुळं गर्दी वाढत जाणार हे धरून चाला.

सोमवारी नाश्ता करून येताना जोतिबा. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी गुलालात आणि गर्दीत आई-वडिलांचे हाल होतील. सोमवारी निवांत दर्शन होतं. दुपारी कोल्हापुरात जेवायचं, तांबडा-पांढरा चालत असेल तर इथं, आणि दिवेलागणीला सोलापूर.

खोली ठरवताना मात्र जरा त्रास घ्या. “व्हॅली व्ह्यू” हा शब्द फार सैल वापरला जातो. फोन करून सांगायचं, खोलीच्या आत उभं राहून खिडकीतून एक फोटो काढून पाठवा. जे पाठवतात त्यांच्याकडे दरी असते. जे “सर, या तुम्ही, बघून घ्या” म्हणतात त्यांच्या खिडकीसमोर बहुतेक पाण्याची टाकी असते. दुसरं, दरीकडच्या खोल्या उतारावर बांधलेल्या असतात, म्हणजे रिसेप्शनपासून तीस-चाळीस पायऱ्या खाली. पायऱ्या किती आणि कठडा आहे का, हे विचाराच. कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, रात्री जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता, हेही आधीच. सोलरचं पाणी पावसाळ्यात कोमट येतं आणि सकाळी आठनंतर तेही संपतं. आणि चेकआउटची वेळ: काही ठिकाणी सकाळी दहालाच खोली सोडावी लागते. म्हाताऱ्या माणसांच्या आंघोळी, औषधं, पूजा धरली तर दहा फार लवकर होतात. तासभर वाढवून देणार का, हे पैसे देण्याआधी बोलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

कधी जावं? दृश्यासाठी जायचं तर सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये दरीकडच्या खोलीचे जादा पैसे देऊ नका, खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. धुकंच आवडत असेल तर साधी खोली घ्या, धुकं दोन्हीकडे सारखंच असतं. मुसळधार पाऊस चालू असेल तर निघण्याआधी वर फोन करा. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याच्या वाटेवरचा रस्ताच खचला होता. आषाढीच्या आसपास मंगळवेढा-पंढरपूर भागात वाहतूक वळवतात, ते दिवसही टाळा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हा तर त्या बाजूला फिरकूच नका.

थंडीचं मनावर घ्या. आपण सोलापूरकर उन्हाचे पैलवान, डिसेंबरात डोंगरावर दात वाजायला लागतात. आईसाठी स्वेटर, कानटोपी, पायमोजे. पांघरुणं घरून न्यायची की नाही यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो. मी म्हणतो कशाला ओझं, आणि लॉजवर पोचून पलंगावर बघावं तर बहुतेक वेळा आपलीच सोलापुरी चादर, बाथरूममध्ये आपल्याच एमआयडीसीतला टॉवेल.

आता महाबळेश्वर. वाईट आहे असं कोण म्हणेल? उंची ४,५०० फूट, कृष्णेचं उगमस्थान मानलेलं जुनं देऊळ, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी. पण सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, सातारा करत जवळपास पावणेतीनशे किलोमीटर. वाटेत गोंदवल्याला, गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला थांबल्याशिवाय तुमचे आई-वडील पुढं येणार नाहीत, आणि येऊ पण नये. दुपारच्या प्रसादाच्या वेळेला पोचा. म्हणजे एका रात्रीत तिथं नुसती दमछाक. जायचं तर दोन रात्री, आणि तेही आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी. तेव्हा स्ट्रॉबेरी भरपूर आणि नाताळची गर्दी ओसरलेली. मे महिन्यात फक्त सोलापूरच्या ४२ डिग्रीतून पळायचं असेल तर मात्र महाबळेश्वरच. पन्हाळा त्या कामाचा नाही, दुपारी तिथंही तापतं, फक्त रात्री वारा असतो.

तुमचे आई-वडील भाविक असतील तर साताऱ्याजवळचा सज्जनगड हाही पर्याय. समर्थांची समाधी, गडावर भक्तनिवास, साधं जेवण, सकाळी काकड आरती, आणि तटावरून खाली उरमोडी धरणाचं पाणी. गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या आहेत. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, तेव्हा संध्याकाळी वेळेत पोचा. बायको आणि मुलगी “रिसॉर्ट” म्हणून तयार झाल्या असतील तर त्यांना तिथं नेऊन भांडण ओढवून घेऊ नका.

गाडी नसेल तर एसटीनं कोल्हापूरला जा आणि तिथून पन्हाळ्याची बस किंवा रिक्षा-टॅक्सी करा. बायकांना निम्मं तिकीट, वडिलांना ज्येष्ठ नागरिक म्हणून निम्मं (७५ पूर्ण झाली असतील तर फुकट), मुलीचंही अर्धं. पूर्ण तिकीट तुमचं एकट्याचंच. आधार कार्ड मूळ बरोबर ठेवा, सगळेच कंडक्टर मोबाईलमधला फोटो चालवून घेत नाहीत.