‘माणग्याच्या कांड्या मोजून लेकीचं पुढे काय होणार?’

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात एम.एस्सी. करते आहे. प्रबंधासाठी तिला माणगा बांबूच्या अभिवृद्धीचा, म्हणजे त्याची नवी रोपं तयार करण्याचा, विषय मिळाला आणि आता ती रोपवाटिकेत कांड्यांना फुटलेली मुळं मोजत बसते. हे सोडून तिनं वनसेवेच्या परीक्षेला लागावं का, असं तुम्ही विचारता. माझं उत्तर नाही असं आहे. काम पूर्ण होऊ द्या.

माणगा म्हणजे आपल्या कोकणातला भरीव, बिनकाट्यांचा बांबू. त्याला बी सहसा धरत नाही, त्यामुळे लागवडीची सगळी भिस्त कंदांवर नाहीतर कांड्यांच्या कलमांवर. कंद खणायला मजुरी फार, न्यायला जड, आणि एका बेटातून निघणार तरी किती? मग किती वयाच्या काठीची कांडी घ्यावी, कोणत्या महिन्यात लावावी, मुळं फुटायला मदत करणारं संजीवक किती द्यावं, हे कुणीतरी मोजूनच सांगावं लागतं. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणं आणि विकायला नेणं सोपं झालं. बांधावर बांबू लावू पाहणाऱ्याला आज चांगली रोपं हवी आहेत. लेकीच्या नोंदी त्याच्या कामाच्या आहेत, आणि याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

आता नोकरीचं. देहरादून, जबलपूर, बंगळुरू इथल्या वनसंशोधन संस्थांत प्रकल्पांवर मुदतीच्या जागा निघतात. त्या कायम नसतात, पण तिथल्या मुलाखतीत स्वतः केलेलं काम बोलतं. परीक्षेचं दारही बंद होत नाही. भारतीय वनसेवेसाठी खुल्या गटाला वयोमर्यादा 32 आहे, मुख्य परीक्षेत वनशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो आणि रोपवाटिका त्याच्या अभ्यासक्रमातच आहे. रोज दोन तास त्या अभ्यासाला दिले तरी सध्या पुरे.

तिला दोन गोष्टी सांगा. मेलेल्या कांड्यांची नोंदही तारखेनिशी ठेवायची, कारण कोणती पद्धत फसते हे त्यातूनच कळतं. आणि आकडेवारीचं विश्लेषण दुसऱ्याकडून करून न घेता स्वतः शिकायचं. पुढे कुठेही गेली तरी ते उपयोगी पडेल.

तुम्ही एकदा दापोलीला जाऊन या. रोपवाटिका बघा, मार्गदर्शकांना भेटा आणि नोंदी कधी संपतील, प्रबंधाचं लेखन कधी सुरू होईल, हे विचारून घ्या. परीक्षेचं वेळापत्रक त्यानंतर लेकीसोबत बसून ठरवा.