"मॅडम, पुणं झेपेल का मला?"

पदवीचा निकाल लागला की लातूर, उदगीर, अहमदपूर भागातली मुलं-मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात जावं, की इथंच जवळपास पुढचं शिकावं? 'झेपेल का' हे शब्द बहुतेकांच्या तोंडी असतात. त्यात पैसा असतो, इंग्रजी असतं, एकटं राहण्याची धास्ती असते, आणि हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की नेमकं कशाचं टेन्शन आलंय हे मुलांना सांगता येत नाही. अशाच एका मुलीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती उदगीर तालुक्यातली, इतिहास घेऊन बी. ए. झालेली. वडिलांची कोरडवाहू शेती, मुख्य पीक सोयाबीन. दोघं सोबतच आले. वडील बसता बसता म्हणाले, "धाडावं का नको, तेवढं सांगा मॅडम. तुम्ही म्हणाल तसं करू." मी त्यांना चहा दिला आणि मुलीला विचारलं, "पुण्यात असं काय आहे, जे लातूरला मिळणार नाही?"

या प्रश्नावर बरीच मुलं 'एक्स्पोजर' किंवा 'वातावरण' म्हणतात. ती जरा थांबली आणि म्हणाली, "पेशवे दफ्तर."

कॉलेजात असताना तिने मोडी लिपीचा वर्ग केला होता. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो उदगीरला, आणि तिचं सगळं बालपण त्या किल्ल्याच्या आसपास गेलेलं. त्या काळातले मूळ कागद स्वतः वाचायचे, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ते कागद, म्हणजेच पेशवे दफ्तर, पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. लातूरचे प्राध्यापक एम. ए. उत्तम शिकवतील, पण दफ्तर काही लातूरला येणार नाही.

मोठ्या शहरात जाऊन नेमकं काय वापरणार, हे ज्याला नाव घेऊन सांगता येतं त्याने तिथला त्रास सोसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. (बारावीनंतर जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पदवीचे वर्ग बहुतेक संलग्न महाविद्यालयांत भरतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुण्यासोबत अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यातलीही कॉलेजं येतात. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाला भुलू नका, कॉलेज बघा.)

मग पैशाचं बोललो. ॲडमिशन जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत. बी-बियाणं, खत घेऊन हात रिकामा झालेला असतो आणि सोयाबीनचा पैसा यायला दिवाळी उजाडते. शेतकऱ्याच्या घरात वर्षाच्या एकूण खर्चापेक्षा हे मधले चार महिने जास्त जड जातात. सरकारी योजना आहेत. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, त्यात पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60,000 रुपये धरलेले आहेत. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. काही अभ्यासक्रमांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही असतो. विद्यापीठात 'कमवा आणि शिका'ही आहे. पण योजनेची रक्कम खात्यावर पडायला वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या चार महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय निघू नका, असं मी त्या दोघांना बजावलं. वडिलांनी ते लगेच मनावर घेतलं. बियाण्याचा हिशोब त्यांना कुणी शिकवायला नको होता.

राहिली भीती. ती बोलून जात नाही, म्हणून मी तिला पुण्याला पाठवलं. गणपती बघायला किंवा एफ. सी. रोडला फिरायला नाही, तर शुक्रवार ते सोमवार, ओळखीतल्या एका मुलीच्या खोलीवर, कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन. मेसमध्ये जेवायचं, पीएमपीच्या बसने फिरायचं, विभागात जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलायचं आणि रोज वहीत चार ओळी लिहायच्या.

ती वही घेऊन परत आली. एका खोलीत चार कॉट, डिपॉझिट किती, बस कुठे बदलायची, सगळं व्यवस्थित टिपलेलं. विभागातल्या मुलांनी सांगितलं होतं की पेपर मराठीत लिहिता येतो, पण वाचायची पुस्तकं बरीचशी इंग्रजी. त्यापुढे तिने लिहिलं होतं, 'डिक्शनरी'. आणि रविवारच्या पानावर एवढंच: 'संध्याकाळी मेस बंद. सगळ्या बाहेर गेल्या. रडू आलं.'

पुण्यात शिकलेल्या कुणालाही ही रविवारची संध्याकाळ सांगावी लागत नाही. वडिलांना ते वाचून वाटलं, झालं, आता पोरगी जात नाही. मला मात्र ते पान सगळ्यात कामाचं वाटलं. अख्ख्या पुण्याची भीती आता आठवड्यातल्या एका संध्याकाळवर येऊन थांबली होती, आणि एका संध्याकाळची सोय लावता येते. आम्ही बसून ती लावली. रविवारी घरी फोन किती वाजता, जेवण कुणासोबत. मी तिला आणखी एक विचारलं, "दोन दिवस तू खोलीबाहेर पडलीच नाहीस, तर कोणाच्या लक्षात येईल?" गावात हे आपोआप होतं. शहरात अशी दोन माणसं ठरवून जोडावी लागतात. तिने रूमवरच्या मुलीचं आणि लांबच्या एका मावशीचं नाव घेतलं. मावशीला वडिलांनी माझ्यासमोरच फोन लावला.

ती गेली. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव लागलं नाही, पहिलं सेमिस्टर इंग्रजी पुस्तकांनी दमवलं, दिवाळीत घरी आली तेव्हा वजन उतरलेलं होतं. आई हळहळली. पण परत जायचं की नाही, हा विषय तिने काढला नाही.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली त्याच महिन्यात औशाकडचा एक मुलगा आला होता. मार्क तिच्यापेक्षा जास्त, घरची परिस्थितीही बरी. पुण्यात काय हवंय, यावर तो तीन भेटींत 'सगळे मित्र चाललेत' यापलीकडे गेला नाही. त्याला खरं तर शिक्षक व्हायचं होतं, आणि घरी आजारी आजीजवळ थांबायचं होतं. हे कबूल करायला तो लाजत होता, जणू जवळ राहणं म्हणजे हरणं. त्याने लातूरला एम. ए. घेतलं आणि मला तो निर्णय तितकाच चांगला वाटला. संशोधनाची गोडी लागलीच तर सुट्टीत पंधरा दिवस पुण्यात राहून दफ्तरातलं काम त्यालाही करता येईल.

यंदा ज्यांचं ठरत नाहीये त्यांनी फॉर्मची शेवटची तारीख यायच्या आधी जाऊन या. मुक्कामात रविवार येईल असं बघा, आणि त्या संध्याकाळी कुणा नातेवाइकाकडे जेवायला जाऊ नका.