शेणखतातून गाईचे हार्मोन विहिरीत उतरतात का?

हो, उतरू शकतात, आणि त्यासाठी गाईला इंजेक्शन दिलेलंच असावं लागतं असं नाही. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत शेणमुतातून नैसर्गिक इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन) भरपूर टाकते. पान्ह्यासाठी टोचतात ते ऑक्सिटोसिन लवकर मोडतं (टोचणं वाईटच, पण त्याची कारणं वेगळी). इस्ट्रोजेन मात्र हवाबंद शेणकाल्यात बराच काळ टिकतं. पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) असलं, तरी नर माशांत मादीची लक्षणं दिसू लागतात. म्हणून निफाड-सिन्नरकडच्या बागायतदारांनो, पावसाच्या तोंडावर बागेत ताजं शेण टाकू नका. उकिरडा विहीर-ओढ्यापासून लांब ठेवा, ढीग वर-खाली करत राहा. आत ५५-६० अंश उष्णता टिकली की हार्मोन बरंच घटतं. आपले ओढे-नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात.