दळ गेलं, पोप उरला

प्रश्न: मी एक काल्पनिक राज्याची कथा लिहितोय. त्यात राजाचं आणि मुख्य धर्मगुरूचं बिनसतं, राजा चिडून आपला स्वतःचाच धर्मगुरू गादीवर बसवतो, लोक दोन बाजूला होतात आणि दोन-अडीच वर्षांत सगळं गुंडाळलं जातं. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात की हे पटत नाही, धर्मातली फूट एवढ्या लवकर मिटत नसते. असं खरंच कधी घडलंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घडलंय की, आणि जवळजवळ तुमच्याच वेळापत्रकाने घडलंय. 12 मे 1328 ला रोममध्ये राजाने स्वतःचा पोप उभा केला आणि 25 ऑगस्ट 1330 ला तोच पोप गळ्यात दोर घालून खऱ्या पोपच्या पायाशी होता. म्हणजे सव्वादोन वर्षं. तेव्हा तुमच्या मित्रांना सांगा की लेखकाने उलट थोडा वेळ वाढवूनच दिलाय.

आता राजा कोण तर बव्हेरियाचा लुडविग. 1314 साली जर्मनीच्या गादीसाठी दोन राजे निवडले गेले, एक हा आणि दुसरा हाब्सबुर्ग घराण्याचा फ्रेडरिक, मग आठ वर्षं मारामाऱ्या, शेवटी 1322 ला म्यूलडॉर्फच्या लढाईत लुडविग जिंकला. त्याला वाटलं झालं, आता आपणच. पण पोप जॉन बाविसावा म्हणाला की निवडणुकीचा घोळ आहे तर राजा कोण ते मी ठरवणार, तू माझी मान्यता घेतल्याशिवाय राज्य करतोसच कसा. लुडविग ऐकेना, तेव्हा 1324 मध्ये पोपने त्याला सरळ वाळीत टाकलं. त्यानंतर पोपच्या कागदांत त्याचा उल्लेख राजा म्हणून नाहीच, नुसता 'बव्हेरियावाला'. पोप तेव्हा रोममध्ये नव्हता बरं का, 1309 पासून पोपमंडळी फ्रान्सकडच्या आव्हिन्योंला मुक्काम ठोकून होती, म्हणजे रोमची गादी रोममध्ये रिकामी. हे लक्षात ठेवा कारण सगळी गंमत त्या रिकाम्या जागेची आहे.

लुडविग फौज घेऊन इटलीत उतरला, 17 जानेवारी 1328 ला रोममध्ये त्याने सम्राटाचा मुकुट घातला आणि तोही पोपच्या हातून नाही, तर रोमच्या जनतेच्या नावाने शिआर्रा कोलोन्ना या सरदाराने घातला. एप्रिलमध्ये त्याने जाहीर करून टाकलं की जॉन पोप नाहीच, पाखंडी आहे, पदावरून खाली. आणि मेमध्ये सेंट पीटरच्या चर्चसमोर मांडव-बिंडव उभारून लोक जमवले, पिएत्रो नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूला पुढे आणलं (हा इटलीतल्या आब्रुत्सो भागातल्या कोर्वारा गावचा; फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या, गरिबीचं व्रत घेतलेल्या संघाचे साधू) आणि जमावाला तीन वेळा विचारलं की हा तुम्हाला पोप म्हणून हवाय का. फ्लोरेन्सचा त्या काळचा इतिहासकार जिओव्हान्नी व्हिलानी लिहितो की लोकांना रोमचा माणूस हवा होता, हा परका बघून हिरमोड झाला, पण समोर सैन्य म्हटल्यावर भीतीपोटी हो म्हणाले. मग राजाने स्वतःच्या हाताने त्याच्या बोटात अंगठी घातली, अंगावर झगा घातला आणि शेजारी बसवलं. नाव ठेवलं निकोलस पाचवा.

अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्याकडे थोडा वाद झाला, एक जण म्हणाला तोतया म्हणा. पण तोतया म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगत येणारा, भाऊसाहेबांचा तोतया आपल्याला माहीत आहे. हा तर स्वतःच्याच नावाने, भर चौकात, दिवसाढवळ्या बसवलेला. म्हणून प्रतिपोप म्हणू.

त्याचा इतिहासही असा की कथेत घातला तर संपादक म्हणेल जरा जास्तच झालं. साधू होण्याआधी त्याचं लग्न झालेलं होतं, पाच वर्षं संसार केला आणि 1310 च्या सुमाराला बायकोच्या संमतीशिवाय निघून मठात गेला. तो पोप झाल्यावर ती बाई पुढे आली की हा माझा नवरा आहे, आणि तिथल्या बिशपने निकाल तिच्या बाजूने दिला! म्हणजे एकीकडे हा माणूस कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे बडे धर्मगुरू, नेमतोय आणि दुसरीकडे कागदोपत्री त्याला घरी नांदायला जायचा हुकूम आहे. विरोधकांना आणखी काय पाहिजे.

एवढ्यात मिटलं कसं, तर राजा बोले दळ हाले म्हणतात ना, इथे दळ हाललं आणि पोपही त्याच्यामागे हालला. लुडविगकडे पैसा संपत आलेला, त्याने रोमकरांवर 30,000 फ्लोरिनचा (सोन्याची नाणी) कर लावला, तिथेच लोक फिरले. पोपच्या बाजूच्या नेपल्सच्या रॉबर्ट राजाची फौज जवळ येतेय म्हटल्यावर 4 ऑगस्ट 1328 ला सम्राट आणि त्याचा पोप दोघेही रोममधून निघाले आणि ज्या लोकांनी मेमध्ये होय होय म्हटलं होतं त्यांनीच ऑगस्टमध्ये मागून दगड मारले. तीन महिने पण झाले नव्हते.

पुढे दुकान इटलीतल्याच पिसा शहरात. तिथल्या कॅथेड्रलमध्ये फेब्रुवारी 1329 ला जे झालं ते तुम्ही कथेत नक्की घ्या. खरा पोप तर हाताला लागत नाही, मग त्याचा गवताचा पुतळा केला, पुतळ्याला पोपचे भरजरी कपडे चढवले, सम्राटासमोर त्याच्यावर रीतसर खटला चालवला, मग एकेक वस्त्र काढून त्याला पदावरून उतरवलं आणि शिक्षेसाठी सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं. माझ्या मते पंथ संपला तो त्या दिवशी. खऱ्याला हात लावता येत नाही हे एवढं जाहीरपणे कबूल करायची काहीच गरज नव्हती.

एप्रिल 1329 ला लुडविग पिसा सोडून उत्तरेकडे गेला, जाताना पोपला सोबत नेलं नाही. पाठ फिरल्यावर शहर जॉनकडे झुकलं आणि प्रतिपोप एका काउंटच्या किल्ल्यात लपून बसला. शेवटी माफीचं आश्वासन मिळाल्यावर त्याने आधी पिसाच्या आर्चबिशपपुढे आणि मग आव्हिन्योंला जाऊन जॉनपुढे चूक कबूल केली. जॉनने मारलं नाही, अंधारकोठडीतही टाकलं नाही, स्वतःच्याच वाड्यात ठेवलं. जेवण घरच्या माणसासारखं, पहारा शत्रूवर ठेवावा तसा. तिथेच ऑक्टोबर 1333 मध्ये तो वारला. ऐंशी ओलांडलेल्या जॉनचं हे डोकं मला फार आवडतं, जाळला असता तर हुतात्मा झाला असता आणि लोकांनी त्याच्या नावाने नवस बोलले असते.

प्रश्न: पण मग नुसतं राजाचं राजकारणच होतं का? धर्माचा काहीच मुद्दा नव्हता? (वाचक, पुणे)

उत्तर: होता, आणि चांगला धारदार होता. फ्रान्सिस्कन साधूंचं म्हणणं असं की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, म्हणून आमच्याही मालकीचं काही नाही. पण मठ होते, शेतं होती, धान्य येत होतं, मग सोय अशी केलेली की सातबारा पोपच्या नावावर आणि वापर साधूंचा. जॉन बाविसावा कायद्यातला किडा, त्याने 1322 मध्ये ही सोयच काढून घेतली, म्हणाला की शेत वापरलं तर शेत उरतं म्हणून तिथे वापर वेगळा आणि मालकी वेगळी हे चालेल, पण चीजचा तुकडा किंवा अंडं खाल्लं की संपतं, तिथे ते माझ्या मालकीचं आणि तुम्ही नुसतं वापरलंत हे कसं काय? पोप अंड्याचा मालक कशाला होईल! पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने जाहीरच केलं की ख्रिस्ताकडे काहीच मालमत्ता नव्हती असं ठामपणे सांगत राहणं हे पाखंड आहे. यावर साधू खवळले. संघाचा प्रमुख चेझेनाचा मिकेले मे 1328 मध्ये एका रात्री आव्हिन्योंतून पळाला आणि थेट सम्राटाच्या आश्रयाला गेला, सोबत ऑकमचा विल्यम, तोच ज्याच्या नावाचा 'वस्तरा' (गरज नसलेली गृहीतकं छाटून टाका, हा नियम) तर्कशास्त्रात शिकवतात.

तर असं की तक्रार साधूंची खरी होती आणि फौज राजाची खरी होती, पण दोघांना हवं होतं ते वेगळं. राजाला मुकुट हवा होता, तो मिळाला. बरेचसे फ्रान्सिस्कन पोपवर चिडलेले असूनही प्रतिपोपकडे गेले नाहीत, कारण गरिबीचा आग्रह धरणारा साधू भरजरी झग्यात सम्राटाशेजारी बसलेला त्यांना कसा चालणार? विल्यम मात्र निकोलस संपल्यावरही म्यूनिकला बसून जॉनविरुद्ध लिहीतच राहिला. लुडविगही 1347 पर्यंत राज्य करत होता, अस्वलाच्या शिकारीवर असताना गेला, शेवटपर्यंत वाळीतच. म्हणजे भांडण दोन्हीकडून चालूच राहिलं, पोप तेवढा मधल्यामध्ये खर्ची पडला. सांगलीच्या वाचकाने आपल्या मित्रांना हेही कळवावं.

प्रश्न: आपल्या वसईकडे फ्रान्सिस्कन पोर्तुगीजांबरोबर आले असं ऐकून आहे. वरच्या भानगडीतले हे तेच का? (वाचक, वसई)

उत्तर: संघ तोच. पण पोर्तुगीजांच्या आधी दोनशे वर्षं चार फ्रान्सिस्कन ठाण्याला येऊन गेलेत आणि 1321 मध्ये तिथेच मारले गेलेत. त्यांच्यातला तोलेंतिनोचा थॉमस इटलीत असताना याच गरिबीच्या आग्रहापायी तुरुंगात पडलेला, म्हणजे ज्या वादातून पुढे प्रतिपोप निघाला त्या वादातला एक जुना गडी तुमच्या खाडीच्या पलीकडे गेला. मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले ते जॉर्दानुस या डॉमिनिकन (दुसऱ्या एका ख्रिस्ती संघाच्या) साधूने. नंतर ओदोरिको नावाचा साधू त्यांची हाडं घेऊन पार चीनला गेला.

आणि तारखा जुळवून बघा. ऑगस्ट 1329, निकोलस किल्ल्यात लपलेला, आणि आव्हिन्योंत म्हातारा जॉन याच जॉर्दानुसला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमतोय, घरात एवढा गोंधळ असताना.

प्रश्न: अकबराचा दीन-ए-इलाही याच जातीचा म्हणायचा का? (वाचक, नागपूर)

उत्तर: नाही. अकबराने 1582 च्या सुमाराला जे केलं त्यात कुणाची गादी पाडून आपला माणूस बसवलेला नव्हता, दरबारातल्या मोजक्या लोकांनी बादशहालाच गुरू मानलं एवढंच, हिंदूंपैकी ठळक नाव बिरबलाचं. मानसिंहाने तर नाही म्हटलं आणि तरी त्याची सुभेदारी टिकली. लुडविगच्या रोममध्ये नाही म्हणून बघायचं होतं.

जाता जाता, पहिल्या वाचकासाठी एक राहिलं. 1447 मध्ये जो पोप निवडून आला त्याने निकोलस हेच नाव घेतलं आणि आकडा लावला पाचवा, सहावा नाही. आधीचा धरलाच नव्हता.