पुण्यतिथी, भजन, तपासणी, सफाई: सगळं एका दिवसात कोंबू नका

जय गुरू भाऊ.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव १८०० वस्तीचं, कामाला तयार पोरं २५, महिलांचं एक भजनी मंडळ. आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, त्या एकाच दिवशी, ग्रामसफाई, रक्तदान, आरोग्य तपासणी, भजन स्पर्धा आणि महाप्रसाद. जमेल का?

नाही जमणार. पैसा कमी पडेल म्हणून नाही, माणसं कमी पडतील म्हणून. पुण्यतिथी गुरुकुंज मोझरीला (जि. अमरावती), महाराजांच्या आश्रमात, तिथीने होते, आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी. संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. ज्यांना प्रार्थना तोंडपाठ आहे, ज्यांच्या हाताला खंजिरीची सवय आहे, ते गावातले जुने लोक त्या दिवशी मोझरीच्या गाडीत असतात. उरलेले सोयाबीनच्या मळणीत, नाहीतर कापसाच्या पहिल्या वेच्यात. पुढच्या सातव्या दिवशी वसुबारस, म्हणजे दवाखान्याची माणसं सुट्टीच्या तयारीत. मंडप भरायचा कोणी?

म्हणून मी हा पसारा कोजागिरीच्या दोन दिवस आधीपासून २० डिसेंबरपर्यंत पसरवीन. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी (१९५६), ती इंग्रजी तारखेनेच पाळली जाते. आश्विनात प्रार्थना आणि वाचन, कार्तिकात तपासणी आणि रक्तदान, डिसेंबरात सफाई, भजन स्पर्धा आणि प्रसाद. विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरला मात्र हात लावू नका. बौद्ध विहारातली मंडळी तेव्हा नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात, आणि त्यांना वगळून सर्वधर्म प्रार्थना म्हणणं काही बरं दिसत नाही.

आश्विनातल्या वाचनाच्या सप्ताहाला खर्च जवळजवळ नाही. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे अध्याय ४१. सहा दिवस सहा-सहा आणि सातव्या दिवशी पाच, असे बरोबर बसतात. पण एका अध्यायात शंभरावर ओव्या असतात, घाई न करता वाचायला वीसेक मिनिटं लागतात. सहा अध्याय म्हणजे दोन तास. दिवसभर वावरात राबून आलेला माणूस संध्याकाळी सलग दोन तास बसत नाही, तिसऱ्या दिवशी फक्त वाचणारा आणि माईकवाला उरतो. तीन अध्याय पहाटेच्या सामुदायिक ध्यानानंतर आणि तीन सायंप्रार्थनेनंतर घ्या. वाचणारे रोज बदला. सातवी-आठवीतल्या पोरींना एकेक अध्याय आठ दिवस आधी द्या, म्हणजे घरी दोनदा वाचून येतील आणि त्यांचे मायबाप आपोआप ऐकायला येतील. सांगता तिथीच्या आदल्या रात्री उरका. तिथीच्या दिवशी गावात फक्त ४.५८ चं मौन ठेवा, दुसरं काही नाही.

आता तपासणी शिबिर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र किमान तीन आठवडे आधी द्या, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, आणि पोच घ्या. पत्रात तारीख, जागा, अंदाजे माणसं आणि कोणत्या तपासण्या हव्यात ते स्पष्ट लिहा. 'सर्व रोग निदान' असं लिहिलं की नेमकं काय आणायचं ते कोणालाच कळत नाही. आपल्या भागात तीन गोष्टी मागा: बीपी-शुगर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि तोंडाची तपासणी.

शिबिराला नेहमी म्हातारे पुरुषच का येतात, याचं उत्तर कापसाच्या वेचणीत आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दव ओसरलं की बाया वावरात जातात, त्या दिवस मावळेपर्यंत परतत नाहीत. दवाखान्याची गाडी येते दहाला. तुमच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असेल तर तोच दिवस धरा, सकाळी ८ ते ११. दुपारी बाजार आहेच.

बीपी मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं खुर्चीवर गप्प बसलेला पाहिजे, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या उंचीला. रांगेत उभा राहून, चहा पिऊन किंवा खर्रा (तंबाखू-सुपारी) तोंडात ठेवून मोजलं की आकडा खोटा वाढतो. मग म्हातारी घाबरते, नाहीतर खरा वाढलेलाही 'शिबिरात असंच दाखवते' म्हणून सोडून देतो. दहा खुर्च्या वेगळ्या मांडा आणि एक पोरगा फक्त तिथे बसवा. त्याचं काम एवढंच, बोलू न देणं.

तोंडाच्या तपासणीला दंतवैद्य नाही मिळाला तरी पहिली चाळणी तुम्हीच लावू शकता. माणसाला स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमधे घालायला सांगा. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखट लागलं की आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि दोरीसारखी कडक लागत असेल, तर त्याला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पुढे पाठवा. दोन आठवड्यांवर न भरलेली जखम किंवा न निघणारा पांढरा-लाल चट्टा दिसला तरी तेच. खर्रा खाणारे विशीतले पोरगे या रांगेत स्वतःहून उभे राहत नाहीत. तुमच्या पंचवीसांनीच आधी सगळ्यांसमोर बोटं घालून दाखवा.

सिकलसेलचं मात्र जपून. बोटाच्या थेंबावरची सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही. वाहक की रुग्ण हे पुढच्या, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळतं. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. प्रश्न येतो तो दोन्ही वाहकांचं लग्न झालं तर, प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाच्या वयाच्या पोरापोरींची तपासणी सगळ्यांत कामाची. आणि म्हणूनच निकाल माईकवरून पुकारायचा नाही, भिंतीवर यादी लावायची नाही, व्हॉट्सॲपवर फोटो तर अजिबात नाही. आशाताईंनी बंद पाकिटात, ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. एकदा 'अमक्याच्या पोरीला आहे' असं गावभर झालं की पुढच्या शिबिराला कोणी बोट पुढे करत नाही.

रक्तदान त्याच दिवशी ठेवू नका. रक्तकेंद्राची गाडी, त्यांचे पलंग आणि तुमची तपासणीची रांग एका शाळेत मावत नाही. तालुक्याच्या रक्तकेंद्राला आधी विचारा की किमान किती दाते हवेत, आणि तेवढ्याच्या दीडपट नावं लिहा, कारण बरीच नावं टेबलावर गळतात. नियम हे: वय १८ ते ६५, वजन ४५ किलो किंवा जास्त, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, मागच्या रक्तदानाला पुरुषाला ९० आणि बाईला १२० दिवस झालेले. हिमोग्लोबिनमुळे बऱ्याच बाया परत जातात. त्यांना 'चालत नाही' म्हणून नुसतं उठवू नका. शेजारीच आशाताईंचं टेबल आणि लोहाच्या गोळ्या ठेवा.

चक्कर येण्याचं गावातलं नंबर एक कारण उपास. एकादशी, चतुर्थी पाहून तारीख धरा, आणि आदल्या दिवशी दवंडीत सांगा की जेवून यायचं. दुसरं कारण फवारणी. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कपाशी फवारलेल्याने रक्त देऊ नये, कारण चक्कर आली तर ती रक्तदानाची की औषधाची हे डॉक्टरलाही चटकन कळत नाही. दिल्यावर पंधरा मिनिटं पडून-बसून, भरपूर पाणी, आणि त्या दिवशी पोतं उचलणं नाही की ट्रॅक्टर चालवणं नाही.

आता सफाई, २० डिसेंबरला. आश्विनात नाल्यांत परतीच्या पावसाचं पाणी असतं, ओला गाळ घमेल्यात राहत नाही. डिसेंबरात तो अर्धा वाळलेला, फावड्याला चांगला येतो. सगळ्या गावची सफाई म्हणू नका. एक नाली धरा. हिशोब असा: एक फूट रुंद, ३०० फूट लांब, अर्धा फूट गाळ म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). एका ट्रॉलीत ब्रासभर जातो, तेव्हा दोन खेपा. तिघांची एक टोळी (एक फावडं, एक घमेलं, एक खराटा) तासाला सुमारे २५ फूट ओढते. चार टोळ्यांना तीन तास लागतील. बाकीचे ट्रॉलीवर.

बहुतेक ठिकाणी सफाई इथे फसते: गाळ काढून नालीच्या काठावर ठेवतात, फोटो होतात, ट्रॉली 'उद्या' येते. उद्या ढोरं, सायकली आणि सांडपाणी मिळून तो परत आत ढकलतात. ट्रॉली पहिलं फावडं लागायच्या आधी उभी पाहिजे. ती उभी नसेल तर सुरू करू नका, खुशाल चहा प्या. प्लास्टिक आधी वेगळं काढा, म्हणजे गाळ कोणी आपल्या वावरात घ्यायला तयार होतो. पायात रबरी बूट, हातात मोजे. सिमेंटच्या फरशीखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, थंडीत साप तिथेच बसलेला असतो.

दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन ही गाडगेबाबांचीच रीत, म्हणून भजन स्पर्धा त्याच संध्याकाळी. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर नाही, पोलीस ठाण्याची परवानगी घेतली तरी तिच्यावर हीच वेळ लिहिलेली असते. ६ ते १० म्हणजे २४० मिनिटं. प्रत्येक मंडळाला २० मिनिटं गायला आणि ५ मांडामांडीला धरली तर नऊ मंडळं, २२५ मिनिटं. दहावं घेऊ नका, ते सरपंचाच्या सासुरवाडीचं असलं तरी. भाषणं किती, तर पंधरा मिनिटांत मावतील तेवढी. महिला मंडळं आधी, लांबच्या गावची त्यातही आधी.

पेटी मंचावर एकच ठेवा, सगळ्यांना तीच. पण मृदंग-तबला ज्याचा त्याने आणायचा, कारण पुरुष मंडळ काळी एकच्या पट्टीत गात असेल तर महिला मंडळ काळी चार-पाचच्या पट्टीला जातं, आणि एकच तबला दोघांना लावत बसलं की पाच मिनिटांची वीस होतात.

खंजिरीचं तर डिसेंबरात हमखास होतं. दवाने कातडं सैल पडतं आणि 'धप्प' असा फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. मंचामागे निखाऱ्यांची शेगडी ठेवा. आपली पाळी यायच्या दहा मिनिटं आधी खंजिरी निखाऱ्यापासून हातभर वर धरून फिरवत शेकायची, ज्वाळेवर नाही. बोटाने टिचकी मारली की टणक वाजली पाहिजे. जास्त शेकली तर पहिल्याच ठेक्याला कडेला चिरते. कातडं बकरीचं असावं किंवा सरळ फायबरचं. घोरपडीची खंजिरी कोणी जुनी म्हणून मिरवत आणली तर मंचावर येऊ देऊ नका, वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे आणि मोबाईलवर तुमचा कार्यक्रम रेकॉर्ड होतोय. खंजिरीला माईक लागत नाही. दोन माईक गळ्यांना, एक पेटीला. स्पीकरचे बॉक्स गाणाऱ्यांच्या पुढे, तोंड लोकांकडे. मागे ठेवले की शिट्टी सुरू.

बक्षीस रोख ठेवलं की परीक्षकांशी भांडण ठरलेलं. सगळ्या मंडळांना टाळाची एकेक जोडी आणि पहिल्या तिघांना वाद्य द्या.

प्रसादाला १०० माणसांमागे तांदूळ १० किलो, तूर डाळ साडेतीन, कणीक १२, आलू-वांग्याची भाजी १५ किलो. गोपालकाला करायचा तर शंभराला पोहे-लाह्या ३ किलो, दही ४ लिटर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ किलोभर. दही वाटायच्या तासभर आधीच घाला, आणि कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तर मुळीच नाही, आंबट लागून तांबं उतरतं आणि पंगतीत उलट्या सुरू होतात. ड्रममधलं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, अर्ध्या तासाने ओ.टी. टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करवा, मग वाटा.

वर्गणीचंही विचारलं होतं: पावतीशिवाय रुपयाही घेऊ नका, धान्य दिलं तर पायल्यांची पावती फाडा, आणि जमाखर्चाचा कागद आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवा. उरलेले पैसे टाळ-मृदंगात घाला, पुढच्या वर्षीच्या नावाने कोणाच्या खिशात ठेवू नका.